वाचक विचारतात: गाठ काढली, पण ते भोक बुजवलं कशाने?

मागच्या अंकात नाकातून दुर्बीण घालून मेंदूखालची गाठ कशी काढतात यावर लिहिलं होतं. त्यावर आलेले प्रश्न वाचताना जाणवलं, की गाठीबद्दल पेशंटला भरपूर सांगितलं जातं पण गाठ काढल्यावर कवटीच्या तळाला जी जागा उघडी पडते ती कशी बंद केली हे घरी जाताना बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि घरी गेल्यावर पहिले काही आठवडे सगळी काळजी घ्यायची ती त्या बंद केलेल्या जागेचीच. त्यामुळे यावेळचं सगळं सदर त्यावरच.

प्रश्न: मॅडम, माझ्या मिस्टरांची गाठ नाकाच्या वाटेने काढली. डॉक्टर म्हणाले हाड घासून वाट केली आणि ते हाड परत बसवलं नाही. मग आता मेंदू आणि नाक यांच्या मध्ये आहे तरी काय? मेंदू खाली सरकणार नाही ना? मला रात्रभर झोप लागत नाही हो.

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, कारण मनात हा प्रश्न असतो जवळपास सगळ्यांच्या पण तोंडावर आणत नाहीत.

आधी मेंदू खाली का सरकत नाही ते सांगते. आपला मेंदू कवटीत नुसता ठेवलेला नसतो, तो पाण्यात तरंगत असतो. बाहेर काढून तराजूत टाकला तर साधारण १४०० ग्रॅम भरेल पण त्या पाण्यात त्याचं वजन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास भासतं. म्हणजे तळावर तसा मोठा भार नसतोच. त्यामुळे नाकाच्या वर हाडाचा एक तुकडा नसला तरी जागा नीट बंद केलेली असेल तर मऊ पडद्यांचे थर त्याला पुरतात, दुर्बिणीच्या बहुतेक ऑपरेशनमध्ये आम्ही हाड परत बसवत नाही ते याचसाठी.

खरी लढाई हाडाशी नसते, पाण्याशी असते. मेंदूभोवतीचं हे पाणी, त्याला सीएसएफ म्हणतात, एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला जवळजवळ ५०० मिली नवीन तयार होतं. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनदा तरी बदलतं. त्याला सतत थोडा दाब असतो आणि पाण्याला सुईएवढी फट मिळाली तरी ते वाट काढतं. आणि जिथून पाणी खाली येतं तिथूनच नाकातले जंतू वर जाऊ शकतात, मग मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग. म्हणून गाठ काढून झाली की ऑपरेशन संपलं असं आम्ही म्हणत नाही, कित्येकदा बंद करण्याच्या कामाला मी गाठ काढण्याइतकीच शांतपणे बसते.

आता मध्ये काय आहे ते. साधारण असे थर असतात. सगळ्यात आत, मेंदूच्या बाजूला, कोलॅजनचं पातळ कापडासारखं पटल किंवा मांडीवरून घेतलेला पापुद्रा. पोकळी खोल असेल तर पोटावरची थोडी चरबी. त्यावर कधी कधी कडांमध्ये अडकून बसेल असं काहीतरी थोडं कडक. आणि सगळ्यात वर, नाकाच्या बाजूने, नाकाच्या पडद्यावरचंच अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून आणलेलं, त्याला आम्ही फ्लॅप म्हणतो. त्यावर टिश्यू ग्लू आणि मग जागच्या जागी दाबून धरायला पॅकिंग किंवा छोटा फुगा. प्रत्येकाला हे सगळे थर लागतात असं नाही. पिट्युटरीची, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची, छोटी गाठ असेल आणि पाणी अजिबात दिसलं नसेल तर फार थोडक्यात भागतं. तुमच्या मिस्टरांचं नेमकं काय केलं ते ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं, त्याची एक कॉपी मागून फाईलला लावून ठेवा, पुढे कुठल्याही डॉक्टरला उपयोगी पडते.

प्रश्न: नाकातलंच अस्तर काढून वर लावलं असं सांगितलं. मग नाकाचं काय? ऑपरेशनला महिना झाला, नाक सारखं चोंदलेलं, खपल्या पडतात, वास येत नाही आणि माझ्याच नाकाला घाण वास आहे असं घरचे म्हणतात. काही बिघडलंय का?

बिघडलेलं नाहीये बहुतेक, पण त्रास खरा आहे आणि तो आधी नीट सांगायला हवा होता.

या फ्लॅपची गोष्ट थोडी सांगते. कवटीच्या तळाची गळती बंद करायचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतले मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२६ मध्ये कवटी उघडून मांडीचा पापुद्रा लावून गळती बंद केली होती. पुढे दुर्बीण आली, नाकातून मोठमोठ्या गाठी निघायला लागल्या, पण भोकंही तशीच मोठी पडायला लागली. त्यावर नुसते सुटे तुकडे लावून भागेना, पाणी गळायचं प्रमाण फार होतं. सुट्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो ना, आजूबाजूच्या कडांमधून नवीन रक्तवाहिन्या त्यात शिरेपर्यंत त्याला तग धरावा लागतो, आणि मधोमध जिथे एका बाजूला फक्त पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा तिथे तो कशाच्या जोरावर जगणार? अर्जेंटिनातल्या रोसारिओचे हदाद आणि बासागास्तेगी यांनी नाकाच्या पडद्याचं अस्तर मागच्या बाजूच्या धमनीवर तसंच लटकत ठेवून वर फिरवायची पद्धत काढली, २००६ मध्ये ती छापून आली आणि तिथून चित्र पालटलं. २०१२ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला त्यात मोठ्या भोकांमध्ये सुट्या तुकड्यांनी गळतीचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर होतं आणि रक्तवाहिनीसकट फ्लॅप असेल तर ७ टक्क्यांच्या आत. मला विचाराल तर या क्षेत्रात माझ्या पिढीने बघितलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कुठलं नवीन मशीन नाही, नाकातलाच एक पापुद्रा जिवंत ठेवून फिरवणं.

पण त्याची किंमत नाक मोजतं. पडद्याच्या एका बाजूचं अस्तर उचललं की खालची कूर्चा उघडी पडते, तिच्यावर नवीन अस्तर यायला काही आठवडे ते दोनेक महिने, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर खपल्या पडणारच. खपलीखाली साचतं त्याचा वास येतो. यावर इलाज म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने, सलाईनने, नाक हळुवार धुणं आणि ठरल्या तारखेला ओपीडीत जाऊन दुर्बिणीतून सफाई करून घेणं. घरी चिमट्याने, बोटाने, कापसाच्या काडीने खपली ओढायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी नाही. वर फ्लॅपवर बसलेली खपली कुठली आणि खाली पडद्यावरची कुठली हे तुम्हाला कळणार नाही.

वासाचं म्हणाल तर वासाचे तंतू नाकात अगदी वरच्या टोकाला असतात आणि फ्लॅप घेताना वरची ती पट्टी आम्ही शक्यतो सोडतो, त्यामुळे सूज आणि खपल्या कमी झाल्या की बऱ्याच जणांचा वास हळूहळू परत येतो, थोडा कमी होऊन येतो काहींचा. मात्र गाठच वासाच्या नसांच्या जागी असेल आणि दोन्ही बाजूंचं तिथलं सगळं काढावं लागलं असेल तर वास कायमचा जातो. हे ऑपरेशनच्या आधी पेशंटशी स्पष्ट बोललं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. घरात गॅस गळला तर वास येणार नाही हे त्या माणसाला आणि घरच्यांना माहीत हवं.

प्रश्न: आईची गाठ नाकाच्या मागे होती, मग पायाला आणि पोटाला टाके कशाला? आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, बघून घाबरलोच.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट पांढरा पापुद्रा असतो, तो थर म्हणून वापरतात, आणि पोटावरची थोडी चरबी पोकळी भरायला. दोन्ही काढल्याने चालण्यात किंवा ताकदीत कायमचा फरक पडत नाही, मांडी काही दिवस ठणकते इतकंच. टाक्यांच्या जागी फुगा आला, लाल झालं, पू दिसला तर लगेच दाखवा. न सांगण्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं पण बारीक अक्षरात, आणि त्या दिवशी सही करणाऱ्याचं लक्ष कुठे असतं.

प्रश्न: वडिलांचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. काल वाकून चप्पल घालताना नाकातून पाण्याचे दोन-तीन थेंब पडले. सर्दी असेल म्हणून ते म्हणतात सोड, एवढ्यासाठी हॉस्पिटलला कशाला. काय करू?

आज जा. हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत दिवस गेलेले असतील म्हणून तुम्हाला मी वेगळं कळवलं आहेच, पण बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते कारण या एका गोष्टीत झालेला उशीर मी फार वेळा पाहिलाय. एक आजोबा असेच रुमाल बदलत बसले होते, मुलाला त्रास नको म्हणून चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी तापाने फणफणून मान ताठ झालेल्या अवस्थेत आणलं त्यांना. वाचले, पण नंतरचे तीन आठवडे त्यांनी आणि घरच्यांनी जे काढले ते टळलं असतं.

सर्दीचं पाणी आणि मेंदूचं पाणी यातला फरक घरच्या घरी शंभर टक्के कळत नाही, पण संशय कशावरून घ्यायचा ते सांगते. पाण्यासारखं पातळ, स्वच्छ, बहुतेक वेळा एकाच नाकपुडीतून. पुढे वाकलं, सकाळी उठून बसलं, किंवा कुंथलं की टपकतं. झोपल्यावर घशात मागे उतरतं, तोंडाला खारट चव येते. रुमालावरचा शेंबूड वाळला की कडक होतो, हे पाणी वाळलं तरी रुमाल मऊच राहतो. यातलं एकही लक्षण असलं तरी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन, सगळी जमायची वाट बघायची नाही. जमलं तर ते थेंब स्वच्छ छोट्या बाटलीत धरा, त्यावर बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाची टेस्ट करता येते, ते प्रथिन मेंदूच्या पाण्यात असतं आणि शेंबडात नसतं. शुगरच्या पट्टीवर तपासून बघा असं काही जण सुचवतात, त्यावर अजिबात विसंबू नका, रक्त किंवा नाकातला स्राव मिसळला की ती चुकीचं दाखवते.

ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, बडबडणं, अचानक गुंगी येणं, किंवा डोकं इतकं दुखणं की आधी कधी दुखलं नव्हतं, यातलं काहीही असेल तर फोनही करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत. कधी कधी पाणी खाली यायच्या ऐवजी हवा वर शिरते आणि मेंदूवर दाब आणते, त्यातही अशीच गुंगी येते.

आणि लीक निघालाच तर? बहुतेक वेळा पुन्हा दुर्बीण घालून बघतात. फ्लॅप थोडा सरकलेला असतो किंवा एका कोपऱ्यात फट राहिलेली असते, तिथे चरबीचा तुकडा भरून फ्लॅप परत नीट बसवला की काम होतं. पहिलं सगळं ऑपरेशन पुन्हा करायचं नसतं, याची भीती वाटून लोक लपवतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न: माझ्या बहिणीच्या पाठीत नळी घालून पाणी काढत होते तीन दिवस. शेजारच्या बेडवरच्या पेशंटला तसलं काही नव्हतं. हिचं काही जास्त सिरीयस होतं का?

तसं नाही. कमरेच्या मणक्यात बारीक नळी घालून थोडं थोडं पाणी बाहेर काढत राहिलं की वरच्या नवीन पॅचवरचा दाब कमी राहतो, त्याला चिकटायला वेळ मिळतो. हे सगळ्यांना लावायचं की कोणालाच नाही यावर सर्जन लोकांत बरेच वाद होते. मग १७० पेशंटवर चिठ्ठी टाकल्यासारखा, म्हणजे कोणाला नळी मिळणार हे नशिबावर सोडून, अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये छापून आला. मोठं भोक असलेल्या पेशंटमध्ये नळी नसताना सुमारे २१ टक्क्यांना लीक झाला आणि नळी असताना सुमारे ८ टक्क्यांना. तेव्हा भोक मोठं, पाणी खूप दिसलेलं, अशा वेळी नळी लावतात. शेजारच्या पेशंटचं भोक छोटं असेल, किंवा जागा वेगळी असेल. नळीचे स्वतःचेही त्रास आहेत, डोकं दुखणं, जंतुसंसर्ग, जास्त पाणी निघून जाणं, म्हणून ऊठसूट लावायची वस्तू नाही ती. त्या दिवसांत नर्सला न विचारता उठून बसायचं नाही, पलंग वरखाली करायचा नाही, नळीची पातळी बदलली की एकदम जास्त पाणी जाऊ शकतं.

प्रश्न: तीन महिन्यांनी एमआरआय केला, रिपोर्टमध्ये लिहिलंय की ऑपरेशनच्या जागी चमकणारा भाग दिसतोय. गाठ उरली का? पुढची अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे आणि मी वेडी व्हायची वेळ आलीय.

भरलेली चरबी एमआरआयच्या काही फोटोंत पांढरी चमकते. फ्लॅपमध्ये रक्त खेळतंय म्हणून औषध टोचल्यावर तोही उजळतो, आणि तो उजळणं ही आपल्याला हवी असलेलीच गोष्ट आहे. म्हणून चमकतंय म्हणजे गाठ असा अर्थ काढू नका. पण ती गाठ नाहीच असं मी फोटो न बघता म्हणणार नाही. ऑपरेशन करणाऱ्याला माहीत असतं कुठे काय भरलंय, रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते सांगितलेलं असतंच असं नाही. ऑपरेशन नोट आणि ऑपरेशननंतर लगेच काढलेला स्कॅन सोबत घेऊन जा. आणि दहा दिवस थांबवत नसेल तर फोन करून विचारा की रिपोर्ट आधी बघाल का, यात कसला संकोच.

प्रश्न: भावाला नंतर रेडिएशन द्यायचंय. त्याने तो पॅच जळणार नाही का?

म्हणूनच भरायला वेळ देतात, साधारण चार ते सहा आठवडे, आणि गाठीच्या प्रकारावर त्याहून उशिरा किंवा लवकर. रक्तवाहिनीसकट लावलेला फ्लॅप एकदा नीट धरला की रेडिएशन बऱ्यापैकी सोसतो, सुटा तुकडा तितका नाही. उलट आधी रेडिएशन झालंय आणि मग ऑपरेशन, हे जास्त अवघड, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात. रेडिएशननंतर नाक जास्त कोरडं पडतं, धुणं कित्येक महिने चालू ठेवावं लागतं.

प्रश्न: काकांची गाठ खूप मोठी आहे, डोळ्यापर्यंत गेलीय. डॉक्टर म्हणतात नाकातून होणार नाही, बाहेरून करू आणि मांडीचा मोठा तुकडा लावू, त्याला बारा-चौदा तास लागतील. इतकं कशासाठी?

नाकातल्या अस्तराने झाकता येईल त्यापेक्षा भोक मोठं असेल, किंवा गाठच त्या अस्तरात शिरलेली असेल तर ते वापरताच येत नाही, गाठीच्या पेशी वर नेऊन लावल्यासारखं होईल. अशा वेळी दुसरीकडून जिवंत भाग आणायचा. मधल्या आकाराच्या भोकाला कपाळामागच्या कवटीवरचा पापुद्रा पुढून खाली उतरवतात, त्याचा रक्तपुरवठा भुवईवरच्या धमन्यांतून येतो, हा फार भरवशाचा गडी आहे. पण डोळ्याची खोबण, गालाचं हाड असं सगळं गेलं की नुसता पापुद्रा पुरत नाही, मांस लागतं. मग मांडीचा भाग त्याच्या रक्तवाहिनीसकट पूर्ण सुटा करून वर आणतात आणि मायक्रोस्कोपखाली मानेतल्या नाहीतर कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांना केसाहून बारीक धाग्याने जोडतात. वेळ त्यालाच लागतो. नंतरचे पहिले दोन-तीन दिवस आयसीयूत नर्स दर तासाला येऊन त्या भागाचा रंग आणि रक्ताचा आवाज तपासतील, दचकू नका, रक्तवाहिनी तुंबली तर ती लवकर उघडली तरच फ्लॅप वाचतो. काका बिडी-सिगरेट ओढत असतील तर आजच बंद, त्यात थोडंथोडकं चालत नाही.

प्रश्न: तीन आठवडे झाले, मला अगदी बरं वाटतंय. नाक कधी शिंकरू? शिंक आली तर काय? जिमला जाऊ का, आणि झोपताना मी सीपॅप मशीन लावायचो ते?

बरं वाटतंय याचा मला आनंद आहे पण तीन आठवड्यांत वरचं सगळं चिकटलेलं असतं, मुरलेलं नसतं. नाक शिंकरायचं नाही, किमान सहा आठवडे तरी, आणि मोठं भोक असेल तर डॉक्टर दुर्बिणीतून बघून हो म्हणेपर्यंत. वाहत असेल तर पुसायचं फक्त, आणि तेही पाण्यासारखं वाटलं तर वर लिहिलंय ते वाचा. शिंक आली की तोंड उघडं ठेवून शिंका, दाबून धरलेली शिंक सगळ्यात वाईट, सगळा दाब सरळ वर जातो. खोकला असेल तर औषध घ्या. संडासला कुंथायचं नाही, पोट साफ व्हायचं औषध चालू असेल तर लाजून बंद करू नका. वजन उचलणं, पूर्ण खाली वाकणं नको, जमिनीवरची वस्तू उचलायची तर गुडघ्यात वाकून. झोपताना उशाकडची बाजू थोडी वर. जिम अजून नाही, चालायला जा रोज, हवं तितकं.

सीपॅप मात्र स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका. ते मशीन नाकातून दाबाने हवा सोडतं आणि वरचा पॅच त्याच हवेच्या वाटेवर आहे, हवा मेंदूभोवती शिरल्याच्या केसेस झालेल्या आहेत. दुसरीकडे तुमचा झोपेत श्वास अडकत असेल तर मशीनशिवाय राहणंही बरं नाही, आणि वजन जास्त असलेल्यांमध्ये मेंदूच्या पाण्याचा दाबही जास्त असू शकतो. तेव्हा सर्जन आणि झोपेचे डॉक्टर दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, तोवर डोकं उंच ठेवून कुशीवर झोपा. आणि हे मशीन तुम्ही वापरता हे ऑपरेशनच्या आधी टीमला सांगितलं होतं का ते आठवून बघा, नसेल तर उद्या सकाळी फोन करून सांगा.